सीट कव्हरपासून रायडिंग जॅकेटपर्यंत: आमची वाटचाल

म्हापशाच्या बाजारातलं आमचं दुकान मूळचं सीट कव्हरांचं. वडील रेक्झिन कापायचे, आई मशीनवर बसायची आणि मे महिना लागला की दोघं मिळून पायलट लोकांसाठी जाड रेनकोट शिवायचे. गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकल टॅक्सीवाला. पावसाळाभर हा माणूस रस्त्यावर असतो, त्यामुळे रेनकोट कुठे गळतो हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. मांड्यांच्या मध्ये! शिवणींचा जोड तिथेच आणि सीटवर साचणारं पाणीही तिथेच. तो जोड गळू नये म्हणून वडिलांनी जे उपद्व्याप केले, त्यावर आमचा आजचा धंदा उभा आहे.

रायडिंग जॅकेटं दुकानात आली ती माझ्या काळात. २०१३ मध्ये वागातोरला पहिला इंडिया बाईक वीक भरला. बुलेटवाल्यांचे मेळावे त्याआधीही होत होते, पण आता साखळी-फोंड्याची पोरंसुद्धा चोर्ला घाट चढून हंपीला निघाली, लडाखच्या गोष्टी करू लागली. लेदर आम्ही ठेवलंच नाही. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी चढते, तिथे पंधरा-वीस हजारांचं लेदर कोण सांभाळणार? टेक्स्टाइलच विकायचं, तेही सात-आठ हजारांच्या आत, हे सुरुवातीलाच ठरवलं.

या किमतीत ‘ऑल-वेदर’ लेबलाखाली बहुतेक एकच रचना मिळते. बाहेर ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर, आत चेनने जोडलेलं रेन लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, आणि त्याच्याही आत थर्मल, म्हणजे थंडीचं अस्तर. ऐकायला झकास. पण पाणी अडवणारा थर आत असल्यामुळे बाहेरचं कापड पावसात मनसोक्त पाणी पितं. चोर्ल्यात अर्धा तास भिजलं की जॅकेट जड होतं, वारा लागून अंग गारठतं आणि उतरून सपाटीवर आलात की त्याच लायनरखाली घामाच्या धारा. शिवाय सर आली की लायनर लावायला भर पावसात आधी जॅकेट काढा! आमच्या जुन्या पायलट गिऱ्हाइकाने एकदा असं जॅकेट अंगावर चढवलं आणि म्हणाला, “हें घालून हांव उकडून मरतलों.”

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, भाऊ, दोन वस्तू घ्या. एक मेश म्हणजे जाळीदार किंवा भरपूर व्हेंटवालं, हवा खेळणारं जॅकेट आणि त्याच्यावरून चढेल असा ढगळ रेनसूट. तो आम्हीच शिवतो. शिवणींना आतून गरम हवेच्या मशीनवर टेप लावतो, पुढच्या चेनवर दुहेरी पट्टी देतो आणि मांड्यांमध्ये जोड न येता अखंड कापड राहील असं कटिंग करतो. थंडीसाठी आत साधा फ्लीस चालतो, त्यासाठी जॅकेटवाल्याला पैसे मोजायला नकोत. बाहेरचा थरच वॉटरप्रूफ असलेली लॅमिनेटेड जॅकेटं उत्तमच, पण त्यांची किंमत आमच्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यातली नाही.

दमट हवेचा खरा तडाखा कोटिंगला बसतो. एका पुरवठादाराचा माल वर्षभरात परत यायला लागला. लायनर उलटं केलं की आतला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा वॉटरप्रूफ थर बोटाला चिकटायचा आणि नखाने ओढला की पांढुरके पापुद्रे सुटायचे. दमट उष्णतेत हलकं पीयू असंच कुजतं, त्यात ओलं जॅकेट डिकीत कोंबून ठेवलं तर विचारूच नका. किनाऱ्यालगतच्या गावांत धातूच्या चेनही हिरव्या पडून अडकतात. आता आम्ही जाड प्लास्टिक दात्यांच्या चेनचाच माल घेतो, आणि दुसरीकडून घेतलेल्या जॅकेटची चेनही बदलून देतो.

पैसे वाचवायचे तर रंगावर, खिशांवर वाचवा, पडल्यावर मार झेलणाऱ्या आतल्या पॅडवर नको. युरोपच्या ईएन १६२१ चाचणीत कोपर-खांद्याच्या लेव्हल १ पॅडमधून पलीकडे पोचणारा जोर सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० च्या आत लागतो. शिक्का पॅडवरच असतो, बाहेर काढून बघा. स्वस्त जॅकेटांत पाठीला बरेचदा नुसता फोम निघतो. आणि माप आरशासमोर घेऊ नका. आम्ही दारातल्या गाडीवर बसवून हँडल धरायला लावतो, मग कळतं की बाही वर सरकली आणि कोपराचं पॅड भलतीकडेच गेलं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी ५ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर १८. म्हणजे आमचा रेनसूट स्वस्त झाला, जॅकेट महागलं. नेमकी चवथ (गणेशचतुर्थी) झाली की राइडवाल्यांची गर्दी सुरू होते, त्यामुळे त्या मोसमात हिशेब समजावता समजावता घसा बसला.

रायडिंग पँट मात्र अजून खपत नाही. जॅकेटसाठी घासाघीस न करणारा माणूस पँट म्हटली की “जीन्स आहे ना” म्हणून निघतो. यंदापासून गुडघ्याचे लेव्हल २ चे पॅड आम्ही सुटे ठेवतो, आणि ज्याच्या जीन्सचं कापड जाड आहे त्याला आतून खिसा शिवून देतो. शिलाईचे पैसे वेगळे.