काळ्या कपड्यांना दंड

आज सुट्टी होती, वॉर्सॉचं सिटाडेल बघून आले. रशियाच्या राजवटीविरुद्ध पोलिश लोकांनी केलेल्या १८३०च्या उठावानंतर झारने, म्हणजे रशियन सम्राटाने, बांधलेला किल्ला. तोफा शहरावरच रोखलेल्या, आणि बांधकामाचा खर्चही पोलिश लोकांच्याच माथी!

तरी जानेवारी १८६३ला पुन्हा उठाव झालाच. रशियन फौजेतली सक्तीची भरती चुकवून पोरं जंगलात पळाली. हातात काय, तर शिकारीच्या बंदुका नि दांड्यावर सरळ बसवलेली गवत कापायची पाती. शेवटचा म्होरक्या रोमुआल्ड ट्राउगुट, पूर्वी रशियन फौजेतलाच अधिकारी. ५ ऑगस्ट १८६४ला चार सोबत्यांसह इथेच फासावर गेला.

माझ्या डोक्यात मात्र बायकाच राहिल्या. देशाचं सुतक म्हणून काळं नेसायच्या, काळे दागिने घालायच्या. सरकार त्यावर दंड लावायचं. काळ्या कपड्यांना दंड! परतताना उगाच माझ्या काळ्या स्वेटरकडे बघत होते.