लोडचा क्यू मोकळा सोडू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की तुकड्यातुकड्यात उत्तर देऊन भागत नाही. प्रश्न साधारण असा असतो: वीज बाजाराच्या सिम्युलेशनमध्ये किंमत बघून कमी होणारा लोड (वीज वापर), म्हणजे डिस्पॅचेबल लोड, निगेटिव्ह जनरेटर म्हणून टाकायचा हे कळलं, पण मग त्याच्या रिअॅक्टिव्ह पॉवरचं काय करायचं (हाच क्यू: जी प्रत्यक्ष काम करत नाही, पण मोटरींना आणि व्होल्टेज सांभाळायला लागते ती पॉवर; प्रत्यक्ष काम करणारी पॉवर म्हणजे पी), आणि पॉवर फॅक्टरची (पीचं एकूण पॉवरशी प्रमाण) अट घालणं खरंच गरजेचं आहे का?

गरजेचं आहे. का ते सांगते.

निगेटिव्ह जनरेटरची कल्पना मला आजही फार आवडते. ठरलेला, न हलणारा लोड टाकला आणि वीज कमी पडली तर ऑप्टिमायझर (सगळ्यात स्वस्त उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) फक्त उत्तर नाही म्हणून थांबतो, त्यातून काही शिकायला मिळत नाही. त्याऐवजी 100 मेगावॉटचा लोड असा जनरेटर समजायचा ज्याचं आउटपुट उणे 100 पासून शून्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे किमान मर्यादा उणे 100 आणि कमाल शून्य, आणि त्याला निगेटिव्ह कॉस्ट द्यायची, कारण ग्राहकाला विजेचा जो फायदा होतो तो उणे खर्चच आहे की. ग्राहकाची बिड, म्हणजे तो जास्तीत जास्त द्यायला तयार असलेला भाव, मेगावॉट-तासाला 5000 असेल (चलन कोणतंही घ्या) तर कॉस्टची रेघ उणे 100 मेगावॉटला उणे 5 लाखांवर असते आणि तिथून चढत शून्यावर शून्याला येते. मग एकूण कॉस्ट कमीत कमी करणं म्हणजेच सगळ्यांचा मिळून फायदा जास्तीत जास्त करणं, वेगळं काही लिहावंच लागत नाही, आणि टंचाईत भाव बिडपर्यंत चढला की लोड आपोआप कमी होतो.

गडबड होते ती क्यूमध्ये. जनरेटर म्हटलं की त्याला पी असतो तसा क्यूही असतो, आणि खऱ्या जनरेटरचा क्यू ऑप्टिमायझरने हवा तसा फिरवायचाच असतो, व्होल्टेज सांभाळायला तो त्यासाठीच आहे. पण लोडचा क्यू असा कोणाच्या हातात नसतो, मोटर चालली की ती पी घेते आणि सोबत क्यूही घेते. हे मी सुरुवातीला एका मॉडेलमध्ये विसरले होते, लोडच्या क्यूची मर्यादा उणे 75 ते अधिक 75 मेगावार (क्यूचं एकक) अशीच राहून गेली आणि रिझल्ट इतके छान आले, टंचाईच्या तासातसुद्धा सगळीकडे व्होल्टेज मस्त, की दोन दिवस मला काही संशयच आला नाही. मग एकेक बस (ग्रिडमधला जोडबिंदू) उघडून बघितली तर एक लोड 60 मेगावॉट घेतोय आणि वर ग्रिडला 75 मेगावार देतोय! म्हणजे ऑप्टिमायझरला फुकटचा कपॅसिटर (क्यू देणारं उपकरण) सापडला होता, तो कशाला सोडेल. सगळे भाव पुन्हा काढावे लागले.

म्हणून क्यूला पीशी बांधायचं. पॉवर फॅक्टर 0.8 लॅगिंग (म्हणजे क्यू घेणारा लोड) असेल तर त्याच्या कोनाचा टॅन, म्हणजे क्यू भागिले पी, 0.75 येतो, म्हणजे पूर्ण 100 मेगावॉटला 75 मेगावार, आणि लोड निम्मा झाला की 50 ला 37.5. हे एक साधं रेषीय समीकरण आहे, प्रत्येक डिस्पॅचेबल लोडमागे एक. मॅटपॉवर (वीज ग्रिडच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एसी ओपीएफमध्ये (ऑप्टिमल पॉवर फ्लो, म्हणजे पी आणि क्यू दोन्ही धरून कमीत कमी कॉस्टचं उत्तर काढणारं गणित) ही अट तो स्वतःच घालतो, गुणोत्तर पीच्या किमान मर्यादेवरून आणि क्यूच्या मर्यादेवरून काढतो, त्यामुळे क्यूच्या दोन मर्यादांपैकी एक तरी शून्य असावीच लागते. लॅगिंग लोडला कमाल शून्य आणि किमान उणे 75. दोन्ही शून्य म्हणजे युनिटी (म्हणजे 1) पॉवर फॅक्टर. दोन्ही बाजूंना आकडे ठेवलेत तर तो एरर देतो, आणि खरं सांगायचं तर तो एरर आपल्या भल्याचाच आहे.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, जो बहुतेक जण सोडून देतात. क्यू पीला बांधला की लोडला लागणारा भाव फक्त त्या बसचा पीचा भाव राहत नाही, त्यात टॅन गुणिले क्यूचा भाव मिळवावा लागतो. लोक येऊन विचारतात की माझी बिड 5000 होती, लोड अर्धवट कापला गेलाय, मग बसवर 4700 च का दिसतोय, सॉल्व्हर चुकला का? नाही चुकला. क्यूचा भाव 400 असेल तर त्याच्या 0.75 पट म्हणजे 300, आणि 4700 अधिक 300 बरोबर 5000, अगदी बिडवर. एकाच बसवर दोन ग्राहकांची बिड सारखी असेल, एकाचा पॉवर फॅक्टर 0.8 आणि दुसऱ्याचा 0.98, आणि क्यूला भाव असेल, तर आधी 0.8 वाला कापला जाईल, कारण त्याचा प्रत्येक मेगावॉट ग्रिडला जास्त महाग पडतो. मला हे न्याय्य वाटतं, पण सेटलमेंटमध्ये फक्त पीचे पैसे धरलेत तर हिशोब जुळणार नाही हे लक्षात ठेवा.

डीसी ओपीएफमध्ये, म्हणजे त्याच गणिताच्या सोप्या रूपात, यातलं काहीच नसतं, तिथे क्यूच नाही त्यामुळे पॉवर फॅक्टर कितीही टाका भाव बदलणार नाही.

आणि हो, कायम एकच पॉवर फॅक्टर हे गृहीतकसुद्धा सगळीकडे चालत नाही. पूर्ण फीडर (एका भागाला वीज नेणारी लाइन) कापताना किंवा बरेच छोटे लोड एकत्र असताना ठीक आहे. पण समजा एका मोठ्या ग्राहकाच्या मीटरवर 100 मेगावॉट, 0.98 दिसतंय, आणि आत प्रत्यक्षात 0.85 च्या मोटरी आहेत आणि त्यांच्यासोबत कायम चालू असलेले कपॅसिटर. मोटरींना लागतात 62 मेगावार, मीटरवर दिसतात 20, म्हणजे कपॅसिटर साधारण 42 देतायत. आता काही मोटरी बंद करून लोड निम्मा करा. मोटरींचे झाले 31, कपॅसिटरचे 42 तसेच, म्हणजे हा ग्राहक आता ग्रिडला 11 मेगावार परत देतोय, आणि तुमचं 0.98 वालं मॉडेल सांगतंय की तो 10 घेतोय. चिन्हच उलटं! अशा ठिकाणी मी लोडला 0.85 देते आणि कपॅसिटर त्याच बसवर वेगळा शंट (बसला थेट जोडलेलं उपकरण) म्हणून टाकते, त्याचा क्यू व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात स्वतः बदलत राहतो. चालू राहिलेल्या मोटरीच अर्ध्या भारावर चालणार असतील तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण हलक्या भारावर इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर आणखी पडतो. तिथे मी लोडचे दोन-तीन तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा पॉवर फॅक्टर देते. पण आधी कोणता तुकडा कापला जाणार ते बिडच्या क्रमाने ठरतं, तो क्रम मोटरींच्या खऱ्या वागण्याशी जुळतोय का ते दरवेळी बघावं लागतं.