ह हिंडलग्याचा

शनिवार, रात्री साडेदहा

आज मशीन बंद ठेवलं. लग्नसराईत शनिवारी मशीन बंद म्हणजे काय, ते ज्यांचे ब्लाऊज अडकलेत त्यांना विचारा. पण पोरगी पी.यु.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, तिला पुढं मानसशास्त्र घ्यायचंय आणि विद्यापीठात ओपन डे होता. ह्यांचं म्हणणं, वेड्यांचं शिकून काय करणार ती? मी म्हटलं, आधी बघून तर येते.

मला वाटलं होतं चार्ट लावून भाषण देतील. तसं काही नव्हतं. दोन खोल्यांत टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलाला एकेक विद्यार्थी, आणि बसून सगळं आपणच करायचं. पहिल्या टेबलावर वरून सोडलेली पट्टी दोन बोटांत पकडायची. वीस सेंटिमीटरवर धरली तर सेकंदाचा पाचवा भाग लागला असा हिशेब. मी अठरावर धरली, लेकीनं तेवीसवर. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढं रबरी हात. आपला हात पडद्याआड, डोळ्यांसमोर कापूस भरलेला हातमोजा, आणि दोन्हीवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात तो मोजाच आपला हात वाटायला लागतो म्हणे. १९९८ सालचा प्रयोग. मला काही वाटलं नाही. त्या पोरीचे दोन ब्रश एका तालात चालत नव्हते, हे माझं मत. लेक मात्र दचकून उठलीच.

आरशाच्या टेबलावर माझी जिरली. कागदावर सहा टोकांची चांदणी, दुहेरी रेघेची, मधे पायपिंग मावेल एवढीच जागा. त्या जागेतून पेन्सिल फिरवायची, पण हातावर फळी आडवी, बघायचं ते समोरच्या आरशात. मी म्हटलं, आण इकडं. बावीस वर्षं कात्री चालवतेय, गळ्याचा आकार खडूनं एका झटक्यात काढते. पहिल्याच टोकाला पेन्सिल अडली. पुढं न्यायला जावं तर मागं येते. डावं-उजवं बरोबर, पुढचं-मागचं उलटं, त्यामुळं तिरकी रेघ आली की हात नुसता थरथरतो. कागदावर कोंबडीनं उकरल्यासारखं. चिडून तीनदा केलं. तिसऱ्यांदा जरा माणसासारखी चांदणी आली.

टेबलाच्या पोरानं मग एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून एक जण होता. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचं ऑपरेशन केलं. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाईंनी त्याला तीन दिवस अशीच आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. आपण हे कधी केलंय असं त्याला रोज आठवायचं नाही, तरी चुका कमी कमी होत गेल्या. हाताला आलं, त्याला ठाऊक नाही. ऐकून कसंतरीच झालं.

शेवटचं टेबल रंगांचं. पहिल्या कागदावर पंचवीस रंगीत चौकोन, रंग भराभर सांगायचे. सतरा सेकंद. मग मराठी शब्दांचा कागद. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘पिवळा’ निळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. सोपं वाटतं, पण जीभ ऐकत नाही. एकोणतीस सेकंद लागले, शिवाय तीन चुका. स्ट्रूप नावाच्या माणसानं १९३५ मध्ये हे छापलं. शंभर चौकोनांना सरासरी ६३ सेकंद, तसल्या शंभर शब्दांना ११०. वाचायचं नाही म्हटलं तरी वाचलं जातं, तिथं वेळ जातो. (एवढं शोधून हा गृहस्थ पुढं रमला तो बायबल शिकवण्यात. माणसांचं काही सांगता येत नाही.)

मग त्या पोरीनं कन्नडचा कागद काढला. मी म्हटलं, मला कन्नड येत नाही, माझं माहेर महाराष्ट्रातलं, आजऱ्याचं. “मग चांगलंच की, अक्का,” म्हणाली, “वाचता येत नाही त्याला हा कागद चौकोनांसारखाच. तेवढाच वेळ लागणार.”

लागले चोवीस. पहिल्या ओळीत ठीक चाललं होतं. दुसऱ्या ओळीत लाल शाईतला एक शब्द आला आणि मी ठणकावून सांगितलं, “हिरवा.” ती माझ्याकडं बघायला लागली. शब्द होता हसिरु. हसिरु म्हणजे हिरवा.

“तुम्हाला कन्नड येतंय की, अक्का!”

मी वाद घातला. ऐकून ठाऊक असतं गं, निम्मी गिऱ्हाइकं कन्नड घरांतली, हसिरु सीरे, केंपु ब्लाऊज दिवसभर कानावर पडतं. ती हसून म्हणाली, “पण मी बोलले कुठं? तुम्ही वाचलासा.”

परतताना बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे शहर बसस्टँडवर, बसची वाट बघत मी बसच्या कन्नड पाट्यांकडं बघत राहिले. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, पाटी वाचता नाही आली तरी आकार लक्षात ठेव. हिंडलग्याची गोल डोक्याची, सांबऱ्याची अशी. आकारच लक्षात ठेवते असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले. ह हिंडलग्याचा आणि स सांबऱ्याचा. रु कुठून आला ते अजून सापडलेलं नाही.

खरं सांगायचं तर ‘येत नाही’ हे माझ्या सोयीचं होतं. फॉर्म आला, सरकव ह्यांच्याकडं. पाहुण्यांत कुणी सीमाभागाचं काढलं की मी मान ताठ करून सांगायची, बावीस वर्षं राहिले पण एक अक्षर शिकले नाही. त्यात थोडी ऐटच असायची. एकदा एका कार्यालयात खिडकीतला माणूस कन्नडमध्येच बोलत राहिला, दुसऱ्या भाषेत एक शब्द काढीना, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. ते दुखणं खोटं नव्हतं. पण तो काय म्हणत होता ते मला तेव्हा कळत होतं का? आज बसमध्ये आठवून बघितलं. ‘नाळे बन्नी’ म्हणाला होता. उद्या या.

लेक काय काय बोलत होती, माझं लक्ष नव्हतं. तिला आता मानसशास्त्रच घ्यायचंय, हे पक्कं झालं. रबरी हातानं एवढी घाबरली तरी.

घरी आले तर दाराला लाईट बिल अडकवलेलं. एरवी न बघता ह्यांच्या टेबलावर ठेवते. आज चप्पल न काढताच उंबऱ्यात उभी राहिले. वर वीज कंपनीचं नाव कन्नडमध्ये. पहिलं अक्षर ह, त्याला उकार. हुब्बळ्ळी. पुढचं जोडाक्षर सोडून दिलं. मग स, सांबऱ्याचा. स, र, ब, रा... दोनदा वाचलं. सरबराजु.

“सरबराजु म्हणजे गं काय?”

“पुरवठा,” लेक आतून म्हणाली. “आपली सरबराई तीच बहुतेक. का गे?”

विजेची सरबराई, बाराशे चाळीस रुपये. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.