छन आडनावाचा तक्ता: तिसरी नोंद

मागच्या नोंदीत ज्या तक्त्याचे मी एवढे कौतुक केले होते, तो तक्ता या महिन्यात भिंतीवरून खाली उतरला. छन, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला ‘चेन’, या चिनी आडनावाची वेगवेगळ्या बोलींतली आणि देशांतली रूपे मी त्यावर मांडतो. पुठ्ठ्याच्या मध्यभागी मी ‘चेन’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिला होता आणि त्यातून चॅन, चिन, तान, तिंग, तांग, त्रन अशा फांद्या काढल्या होत्या. जणू बीजिंगमध्ये एक शुद्ध आडनाव तयार झाले आणि दक्षिणेकडे व पुढे समुद्रापलीकडे जाता जाता ते बिघडत गेले. ही मांडणी मुळातच चुकीची होती, आणि ती दुरुस्त करताना आतापर्यंत केलेल्या ११२ कार्डांपैकी जवळजवळ निम्मी मला पुन्हा लिहावी लागली.

नव्या तक्त्याच्या मध्यभागी आता कोणताही उच्चार नाही, केवळ अक्षर आहे. त्याच्या डावीकडे टेकडी या अर्थाचा घटक येतो, पण तो कानाच्या पाळीसारखा दिसतो म्हणून सगळे त्याला कानच म्हणतात. उजवीकडे ‘पूर्व दिशा’ हे अक्षर येते. आपण दूरध्वनीवर नाव सांगताना ‘शेंडीफोड्या श’ की ‘पोटफोड्या ष’ हे स्पष्ट करतो, तसे मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणारा माणूस ‘अर दुंग छन’, म्हणजे ‘कान आणि पूर्व असलेला छन’ असे सांगतो. कारण छंग हे दुसरे आडनाव अनेकांच्या तोंडी अगदी छनसारखेच ऐकू येते. तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही वापरात असलेल्या जुन्या रूपात ‘पूर्वे’ला आठ फटकारे लागतात, तर चीनच्या मुख्य भूमीवरील सोप्या रूपात पाच. मी दोन्ही रूपे ब्रशने गिरवतो. सोपे रूप बरे जमू लागले आहे, जुन्या रूपातला कान मात्र अजून दर वेळी फुगतो आणि पूर्व दिशेला कोपऱ्यात ढकलतो.

हे आडनाव मुळात एका राज्याचे नाव आहे. परंपरा अशी की झौ घराण्याच्या वू राजाने शांग सत्ता उलथवल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, पौराणिक सम्राट शुन याच्या वंशातील ग्वेइ मान याला शोधून काढले, आपली थोरली मुलगी त्याला दिली आणि छन हा प्रदेश त्याच्या हवाली केला. शुनच्या पूजेत खंड पडू नये, हा त्यामागचा हेतू होता. या राज्याची राजधानी आजच्या हनान प्रांतातील ह्वाययांग येथे होती. पुढे इ. स. पूर्व पाचव्या शतकात चू राज्याने ते गिळंकृत केले, आणि राज्य गेल्यावर तिथल्या राजवंशीयांनी त्याचे नावच आडनाव म्हणून धारण केले. चिपळूण सुटले तरी चिपळूणकर उरतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे गावाच्या जागी अख्खे राज्य आहे आणि ‘कर’ लावण्याची गरज कोणाला भासली नाही.

माझी चूक मला दाखवली ती राज्यबुडीच्या आधीच्या एका पळपुट्या राजपुत्राने. इ. स. पूर्व ६७२ मध्ये छन राज्यातील अंतर्गत कलहामुळे छन वान हा राजपुत्र जीव वाचवून पूर्वेकडच्या छी राज्यात गेला. तिथल्या राजाने देऊ केलेले मोठे पद त्याने नम्रपणे नाकारले आणि कारागिरांवरील देखरेखीचे काम पत्करले. त्याचे वंशज मात्र इतके नम्र राहिले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बळ वाढवत त्यांनी अखेर छीचे सिंहासनच बळकावले, आणि इ. स. पूर्व ३८६ मध्ये झौ राजाने त्यांना रीतसर मान्यता दिली. इतिहासात हे घराणे ‘थ्येन’ म्हणून ओळखले जाते. छनचा थ्येन कसा झाला, हे मला कळत नव्हते. पहिल्या कार्डावर मी ‘शत्रूपासून लपण्यासाठी आडनाव बदलले’ असे बेधडक लिहून ठेवले होते.

उत्तर अठराव्या शतकातील छ्येन दाशिन या पंडिताच्या एका सिद्धांतात आहे. त्याने असे दाखवून दिले की प्राचीन चिनी भाषेत आजचे मूर्धन्य ‘छ’ आणि ‘झ’ यांसारखे उच्चार नव्हते आणि आज ज्या अनेक शब्दांत ते ऐकू येतात, तिथे पूर्वी ‘त’ वर्गातला ध्वनी होता; त्यामुळे छन आणि थ्येन ही दोन्ही नावे त्या काळी जवळजवळ सारखीच ऐकू येत असत. म्हणजे छन वानने नाव लपवलेच असेल असे नाही. एकच नाव दोन अक्षरांनी लिहिले गेले आणि नंतर त्या दोन अक्षरांचे उच्चार एकमेकांपासून दूर गेले.

हा बदल उत्तरेकडच्या आणि कँटनकडच्या बोलींत झाला. फूज्येन प्रांतातील मिन बोली त्याआधीच मुख्य प्रवाहापासून फुटल्या होत्या, त्यामुळे तिथे जुना ‘त’ टिकून राहिला. होक्कियन या मिन बोलीत आजही हे आडनाव ‘तान’ आहे. मी ज्याला बिघडलेले रूप समजत होतो, त्याचा पहिला वर्ण बीजिंगच्या उच्चारापेक्षा जुना निघाला.

ज्यांना हा ध्वनिनियम रुक्ष वाटेल, त्यांनी हातातल्या कपाकडे पाहावे. चहाच्या चिनी शब्दाचा आद्य वर्ण नेमका याच गटातला आहे. मँडरिनमध्ये व कँटनकडच्या कँटोनीज बोलीत तो ‘छा’ होतो, तर होक्कियनमध्ये ‘ते’. खुष्कीच्या मार्गाने आणि मकावमधील पोर्तुगिजांकडून ज्यांना हे पेय कळले, त्यांचा ‘चहा’ झाला. डच व्यापाऱ्यांनी फूज्येनच्या किनाऱ्यावरील शब्द उचलला, तिथून इंग्रजांचा ‘टी’ आला. व्हिएतनामीत चहा ‘त्रा’ आहे आणि हे आडनाव ‘त्रन’. चहा आणि टी यांच्यात जे नाते आहे, अगदी तेच नाते छन आणि तान यांच्यात आहे. नव्या तक्त्यात मी प्रत्येक आडनावाखाली त्या त्या बोलीतला चहाचा शब्द लिहिला आहे, आणि आतापर्यंत या पडताळ्याने एकदाही दगा दिलेला नाही.

आता देवनागरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामात आपली लिपी रोमनपेक्षा कितीतरी उपयोगी पडते. रोमन लेखनात मँडरिन रूप आणि कँटोनीज रूप यांच्यातला स्वर एकात ‘ए’ आणि दुसऱ्यात ‘अ‍ॅ’ असा वेगळा दिसतो, म्हणून आपली वर्तमानपत्रे एकाला ‘चेन’ आणि दुसऱ्याला ‘चॅन’ करतात. प्रत्यक्षात दोन्हीतला स्वर आपल्या ऱ्हस्व ‘अ’च्या जवळचा आहे आणि दोन्ही व्यंजने महाप्राण आहेत, म्हणून ऐकून लिहायचे तर दोन्ही ‘छन’च होतात. खरा फरक जिभेच्या जागेचा आणि सुराचा: मँडरिनमध्ये जीभ मागे वळते आणि सूर वर चढतो, कँटोनीजमध्ये जीभ ‘चमचा’तल्या दंत्य ‘च’च्या जागी राहते आणि सूर खाली उतरतो. उलट तानमधला ‘त’ अल्पप्राण आहे, हे देवनागरीत न सांगता कळते. दक्षिण चीनमधल्या बोलींपैकी हाक्का उच्चार ‘छिन’, फूचौकडचा ‘तिंग’, तिओच्यूंचा ‘तांग’, कोरियन ‘जिन’ आणि जपानी ‘चिन’ अशी बाकीची कार्डे आहेत. गणिताची आवड असलेल्यांना शिंगशन छन यांचे नाव ठाऊक असेल. त्यांच्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक जादा ‘आर’ आहे, ज्याचा उच्चारच करायचा नसतो. १९२८ मध्ये चीनमध्ये अधिकृत झालेल्या एका रोमन लेखनपद्धतीत तो ‘आर’ केवळ चढता सूर दाखवतो. ‘चर्न’ हा उच्चार त्यातूनच रूढ झाला, आणि आता तो बदलणे कोणालाही शक्य नाही.

लोक दक्षिणेत कसे पोहोचले, याचे कार्ड अजून अपुरे आहे, पण तीन टप्पे पक्के झाले आहेत. पहिला टप्पा हनानमधील यिंगच्वान हा परगणा. पूर्व हान काळात तिथे छन शि नावाचा एक सज्जन अधिकारी होऊन गेला. एका रात्री चोर त्याच्या घराच्या तुळईवर दबा धरून बसलेला त्याला दिसला. आरडाओरडा न करता त्याने मुलाबाळांना उठवले आणि माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीने होतो, ‘त्या तुळईवरच्या सद्गृहस्थांसारखा’, असा उपदेश सुरू केला. चोर खाली उतरून पाया पडला आणि दोन ठाण रेशीम घेऊन गेला. चिनी भाषेत चोराला आजही ‘तुळईवरचा सद्गृहस्थ’ म्हणतात. अनेक छन कुळे आपले मूळ याच यिंगच्वानला सांगतात.

दुसरा टप्पा फूज्येन. थांग काळात छन युआनग्वांग हा सेनानी वडिलांबरोबर तिथे गेला आणि त्याच्या विनंतीवरून ६८६ मध्ये झांगचौ परगणा स्थापन झाला. आज तो ‘झांगचौ वसवणारा पवित्र राजा’ या नावाने देव म्हणून पुजला जातो. तिसरा टप्पा ज्यांगशी प्रांतातील दअन येथील एकत्र कुटुंब. वंशग्रंथांनुसार तिथे ३,९०० माणसे एका चुलीवर जेवत होती आणि १०६२ मध्ये सुंग सम्राट रन्‌झुंगच्या आज्ञेने त्यांची २९१ ठिकाणी विभागणी झाली. वंशग्रंथांच्या आकड्यांकडे मी थोड्या सावधपणे पाहतो. आपल्याकडे हेळव्यांच्या वह्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्या ज्याने चाळल्या आहेत, त्याला ही सावधगिरी समजावून सांगावी लागणार नाही.

संख्येच्या दृष्टीने वांग, ली, झांग, ल्यू आणि छन ही चीनमधील पहिली पाच आडनावे असून २०१९ च्या सरकारी माहितीनुसार देशातील ३०.८ टक्के लोक या पाचांत येतात. छन पाचवे असले तरी ग्वांगदोंगमध्ये आणि तैवानमध्ये ते पहिले आहे. तैवानमध्ये तर सुमारे ११ टक्के लोक छन आहेत. ग्वांगचौ येथील प्रसिद्ध छन कुलमंदिर १८९४ मध्ये पूर्ण झाले, ते प्रांतातील ७२ तालुक्यांतल्या छन घराण्यांच्या वर्गणीतून.

समुद्रापलीकडे यिंगच्वानचा माग काढणे हा या महिन्यातला सर्वांत आनंदाचा भाग होता. पिनांगमधील जॉर्ज टाउन येथे तान कुळाची जी इमारत आहे, तिचे नाव ‘एंग च्वान तोंग’. दोन दिवस हे एखाद्या माणसाचे नाव असेल असे समजून मी शोधत राहिलो. मग होक्कियन उच्चारकोशात पाहिले, तर एंग च्वान म्हणजेच यिंगच्वान. सिंगापूरमध्ये १८७६ मध्ये तान किम चिंग आणि तान बेंग स्वी यांनी उभारलेल्या ‘पो च्याक केंग’ मंदिरातला मुख्य देव तोच झांगचौ वसवणारा छन युआनग्वांग आहे. मलेशियातील सिबू शहर फूचौकडच्या लोकांनी वसवले, म्हणून तिथले छन ‘तिंग’ लिहितात.

थायलंड आणि इंडोनेशियात माग अवघड होतो. थायलंडमध्ये तिओच्यू ‘तांग’ लांबलचक थाई आडनावांच्या सुरुवातीला दडलेला असतो. इंडोनेशियात १९६६ नंतर चिनी वंशाच्या लोकांवर स्थानिक धाटणीची नावे घेण्याचा दबाव आला, तेव्हा अनेक तान कुटुंबांनी सुतांतो, हार्तांतो, तानुविजाया अशी नावे निवडली. आडनाव गेले, पण त्यातला ‘तान’ आत राहिला. १९५९ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन जिंकणारे तान जो होक पुढे हेंद्रा कार्तानेगारा झाले, आणि त्यातही ‘तान’ मधोमध दडलेला आहे.

नवशिक्यांनी तीन ठिकाणी सावध राहावे, कारण तिन्ही ठिकाणी मी ठेचकाळलो आहे. रोमन ‘तान’ सिंगापूरच्या होक्कियन माणसाचा असेल तर तो छन. पण बीजिंगच्या माणसाचा असेल तर ते थान हे निराळे आडनाव, जे हाँगकाँगमध्ये ‘ताम’ होते. ‘तांग’ बँकॉकचा असेल तर छन, हाँगकाँगचा असेल तर बहुधा मँडरिनमधला दंग, आणि बीजिंगचा असेल तर थांग राजवंशाच्या नावातला थांग. जुन्या रोमन लेखनातला ‘चिन’ हा तर छन, छिन किंवा जिन यांपैकी काहीही असू शकतो. अक्षर पाहिल्याशिवाय कार्ड पक्के करायचे नाही, असा नियम मी आता स्वतःला घालून घेतला आहे.

शेवटी मुंबई. माझगावात डॉकयार्ड रोडजवळ ‘सी यिप कुन’ हे १९१९ मधील चिनी मंदिर आहे. त्याच्या नावातच स्थापकांचा पत्ता आहे: ‘सी यिप’ म्हणजे ग्वांगदोंगमधील तैशान, शिनह्वी, काइपिंग आणि अनपिंग हे चार तालुके. तैशानकडे या आडनावाचा उच्चार ‘चिन’च्या जवळ जातो, आणि अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक चिन कुटुंबे तिथलीच. कोलकात्याच्या टेंगरा भागातील हाक्का लोकांचा ‘छिन’ ऐकायला जवळचा असला तरी वेगळ्या बोलीतून आलेला आहे. म्हणून भारताची दोन कार्डे आता वेगळी केली आहेत: मुंबईचे तैशानच्या फांदीवर, कोलकात्याचे हाक्का फांदीवर. मुंबईच्या कार्डावर चहाच्या शब्दाची जागा अजून रिकामी आहे, आणि येत्या रविवारी मी माझगावला जाणार आहे.