विचारायला काय झालं होतं?

"आई, तू खालीच बस गं, आम्ही पटकन वर जाऊन येतो."

एवढंच. सई ते म्हणाली तेव्हा तिचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं, ओजसच्या बुटाची नाडी बांधत होती. मीही "हो हो, जा तुम्ही" म्हटलं, अगदी तत्परतेने. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत, सगळे झोपलेत, आणि मी अजून त्याच वाक्यावर बसले आहे.

लांतेर्ना, म्हणजे इटलीतल्या या जिनोआ शहराचं जुनं दीपगृह, पाहायचा हट्ट माझाच होता. इथे आल्यापासून बाल्कनीतून रोज दिसतो तो मनोरा. रात्री दोनदा चमकतो, मग थांबतो, वीस सेकंदांनी पुन्हा दोनदा. झोप लागत नाही तेव्हा मी मोजत बसते. आजही मोजून झालं.

दीपगृह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काळा खडक, लाटा, वारा. इथे फेरीबोटींच्या धक्क्याच्या बाजूने जुन्या तटाला धरून पायवाट जाते आणि खाली बघावं तर कंटेनरांच्या थप्प्या, क्रेन, ट्रकांची रांग. ज्या टेकडीच्या टोकावर दीपगृह होतं ती सान बेनिन्योची टेकडीच बंदराला जागा हवी म्हणून गेल्या शतकात फोडून नेली. खडकाचा एक तुकडा तेवढा ठेवला, त्यावर हा उभा. ७७ मीटर, खडक धरून समुद्रापासून ११७. एकावर एक ठेवलेले दोन चौकोनी मनोरे, खालचा रुंद, वरचा अंगाने बारीक. खालच्यावर शहराचं चिन्ह रंगवलंय, पांढऱ्यावर लाल क्रूस.

तर मी खाली बसले. तिकीट माझंही काढलं होतं, म्हणून म्युझियममध्ये.

गुडघ्याचं मला कळत नाही असं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सईपेक्षा मला जास्त पाठ आहे. १७२ पायऱ्या मला झेपल्या नसत्या. मी स्वतःच म्हणाले असते, "तुम्ही जा, मी बसते." पण ते मी म्हणायचं होतं ना! "येतेस का आई?" एवढं विचारायला काय झालं होतं? नाही म्हणायचासुद्धा एक मान असतो. तो परस्पर कुणीतरी घेऊन टाकला.

रत्नागिरीच्या दीपगृहावर तिला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती निम्म्यात रडायला लागली होती आणि मी... जाऊ दे.

काचेच्या पेटीत भिंगं होती, फ्रेनेलच्या पद्धतीची. अशा भिंगाचा दिवा इथे १८४१ पासून. अख्खं जाड भिंग केलं तर त्याचं वजनच पेलणार नाही, म्हणून काचेच्या कड्या, एकीबाहेर एक, मधोमध चिरलेल्या कांद्यासारख्या. प्रत्येक कडीचा कोन निराळा. चहूकडे पांगणारा उजेड त्या गोळा करतात आणि आडवा समुद्राकडे सरळ धाडतात. एका कडीची कड उडालेली होती. मी वाकून बघत होते तर पाठीमागे कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. न विचारता! इथलीही माणसं तशीच.

मग बसून सगळं वाचलं, फोन धरून, भाषांतर करत करत. पहिला मनोरा ११२८ चा. आधी वर वाळक्या काटक्या पेटवत, १३२६ मध्ये तेलाचे दिवे आले आणि वीज थेट १९३६ ला. म्हणजे सहाशे वर्षं कुणीतरी तेल घेऊन त्या पायऱ्या चढत होतं. १४४९ मध्ये इथला राखणदार होता अंतोनियो कोलोंबो, कोलंबसाचा काका. पुतण्या कुठल्या कुठे गेला, काका मात्र दिव्यापाशी. त्याचे गुडघे कसे होते ते काही लिहिलेलं नाही.

आत्ताचा मनोरा १५४३ चा. आधीच्याची वाट लागली ती फ्रेंचांमुळे. त्यांनी याच्या पायथ्याशी किल्ला बांधून ठाण मांडलं होतं आणि त्यांना हुसकताना जिनोआच्याच तोफांनी मनोरा अर्धा उडवला. घरच्यांचं हे असंच. नेम दुसरीकडेच असतो, लागायचं तिथे लागतं.

हे वाचून माझं मलाच हसू आलं. बुटाची नाडी आणि तोफ!

आणखी एक गोष्ट सांगतात. काम पूर्ण झाल्यावर ज्याने मनोरा बांधला त्याला म्हणे वरूनच ढकलून दिलं, त्याने दुसरीकडे असा बांधू नये म्हणून. दंतकथाच असणार. पण त्या मानाने मला बरंच सांभाळून वागवलं म्हणायचं. खुर्ची दिली.

अर्ध्या तासाने मंडळी उतरली. निखिल घामाघूम, सई पोटऱ्या चोळत. ओजस म्हणाला, "आजी, वर दार बंद होतं." मला आधी कळेना. मग निखिलने सांगितलं, लोकांना पहिल्या गच्चीपर्यंतच जाऊ देतात. त्याच्या वर दिवा आहे, तो नौदलाच्या ताब्यात, तिथे कुणालाच प्रवेश नाही. म्हणजे १७२ पायऱ्या चढून हे पोचले अर्ध्यावर आणि तिथे यांनाही कुणीतरी "खालीच थांबा" म्हटलं. मी काही बोलले नाही. चेहराही सरळ ठेवला. आतून मात्र फार बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटावं याची थोडी लाजही.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "मग, गेलीस का वर?" म्हटलं, "बघितलं की सगळं." खोटं नाही ते. वर गेलेल्यांना बंदर दिसलं, आल्प्सचं टोक दिसलं, पण काका कुणालाच माहीत नव्हता.

हे शहरही विचित्र. कास्तेलेत्तोला जायला, म्हणजे खालच्या चौकातून वरच्या रस्त्यावर, सरकारी लिफ्ट आहे, लोक भाजीच्या पिशव्या घेऊन चढतात. पण दीपगृहाला नाही. असती तरी सई म्हणालीच असती, "तू खालीच..." पुन्हा तेच. पुरे आता.

झोपायच्या आधी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली होती. "रविवारी कामोल्यीला जाऊया म्हणतोय. तिथून सान रोक्कोच्या चर्चपर्यंत पायऱ्या आहेत बऱ्याच. येतेस का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

जायचं नाहीये हे मला आत्ताच माहीत आहे. पण शनिवार संध्याकाळपर्यंत मुळीच सांगणार नाही.