एका डब्याची गाडी

काल जपानमधल्या मात्सुयामाहून समुद्राकाठची लोकल पकडली. लोकल म्हणजे काय, तर डिझेलवर चालणारा एकुलता एक डबा! १९८६ साली आतून जवळचा मार्ग झाला, तेव्हापासून एक्स्प्रेस गाड्या तिकडून पळतात. ही बिचारी मात्र अजून किनारा धरून रमतगमत जाते.

शिमोनादाला उतरले. एकच प्लॅटफॉर्म, चार खांबांवर छप्पर, खाली बाकडं आणि समोर नुसता समुद्र. स्टेशनवर कर्मचारी कोणी नाही, पण फोटोसाठी रांग! आपला नंबर येईपर्यंत सगळे शिस्तीत उन्हात उभे. रातकिडे परवडले, पण त्या सिकाडा किड्यांचा कर्कश्श आवाज नको, डोकं उठलं अगदी. पुढच्या गाडीला भरपूर वेळ होता. बाटलीतला गार सातूचा चहा तिथेच संपला.

अशा स्टेशनवर गाडीत चढताना दारातल्या मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना त्या नंबराप्रमाणे भाडं द्यायचं. मी ती मुठीत घट्ट धरून बसले, तर घामाने लगदा! ओझूला गेटवरच्या काकांनी तो लगदा दोन्ही हातांनी घेतला, निरखून बघितला. मी म्हटलं, "शिमोनादा." त्यांनी वाकून पैसे घेतले. मीही वाकले. ते परत वाकले. थांबायचं कुणी, तेच कळेना.

शेवटी उचिको. मेणाच्या व्यापारावर गब्बर झालेलं गाव, पिवळसर भिंतींचे जुने वाडे. चारच्या उन्हात रस्त्यावर मी आणि एक मांजर. तेही सावलीत.