मूळ नक्षत्र बघा, मग परतीचं तिकीट काढा

गणपतीत कोकणच्या गाड्या एवढ्या का भरतात, ते मूळ घराच्या पडवीत कळतं. भाऊ वेगळे झाले, चुली चार झाल्या, एक बिऱ्हाड डोंबिवलीत, दुसरं सुरतेला. तरी आमच्याकडच्या कित्येक घरांत मूर्ती एकच, आणि ती गावीच. सगळ्यांना एकाच आठवड्यात एकाच खळ्यात उतरायचं असतं.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. जाताना फारसा विचार नको, चतुर्थीच्या दोन दिवस आधीची तारीख धरायची. घोळ होतो परतीचा. आमचा गणपती गौरीबरोबर जातो आणि गौर चालते नक्षत्रावर: अनुराधेवर येते, ज्येष्ठेवर पुजतात, मुळावर विसर्जन. म्हणून २०२३ ला विसर्जन पाचव्या दिवशी होतं, २०२४ ला सहाव्या, २०२५ ला थेट सातव्या. 'आपला पाच दिवसांचा' असं गृहीत धरून तिकीट काढणारे गौर घरात असतानाच पिशव्या भरतात. दुसरी गफलत तारखेची. मडगावहून संध्याकाळी सुटलेली गाडी चिपळूणला मध्यरात्र उलटल्यावर येते, तेव्हा तिकिटावर पुढची तारीख हवी.

वेटिंग लांबलं तर गणपती स्पेशलच्या घोषणेवर नजर ठेवायची. नाहीतर ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनहून सुटणारी सावंतवाडी गाडी आहेच. ती तिथूनच सुटते, म्हणून दिव्यालाच चढावं, पनवेलला दारात पाय ठेवायलाही जागा नसते. वाडीतली माणसं जमली तर एसटीचं गट आरक्षण सगळ्यांत बरं. रात्री स्टेशनवर उतरून रिक्षा शोधायला नको. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, त्यामुळे पुढची एसटी गाडीच्या वेळेला अगदी लागून ठरवू नये.

मूर्ती मुंबईहून आणू नये. शाडूची असली तर गर्दीत कान-बोटं आधी जातात. शिवाय घरचा ठरलेला पाट गावातल्या भावाने केव्हाच चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, दिलेला असतो, मूर्ती त्याच मापाची. मुंबईकरांनी मखराचं सामान, माळा, कापूर आणावा. माटवीची, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या मांडवीची, कवंडळं (रानफळं), हरणाची फुलं, सुपारीचे शिप्टे (घड), आंब्याचे टाळे गावातच मिळतात. फक्त ती बांधायला हात लागतात, तेव्हा आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलेलं चांगलं.

खर्चाची काही घरांत पाळी असते, काही ठिकाणी सारखी वाटणी. हिशेब विसर्जनाच्या रात्रीच मिटवावा. नंतर फोनवर तो मिटत नाही.